मुल्लाणी सरांचं टेबल

या, असं जवळ या की. दारात काय उभं राहिलाय पावण्यासारखं? किती दिवसांनी तोंड दाखवताय! आणि बसताय कुठं, तर नेमकं घड्याळाखाली. उठा तिथनं आधी! बसायच्या आधी डोक्यावर काय आहे ते बघावं, एवढंही सांगायला लागतं का तुम्हाला? तुमचा तरी काय दोष म्हणा. तुम्हाला मुल्लाणी सर भेटलेले नाहीत.

सर आमचे शेजारी. हायस्कुलात भूगोल शिकवायचे. आता रिटायर झालेत, म्हणजे शाळेतून झालेत. आमच्या गल्लीतून अजून झालेले नाहीत. कुणाच्याही घरी गेले की सर माणसाकडं बघत नाहीत, आधी वर बघतात. माळ्यावर काय ठेवलंय, भिंतीला काय टांगलंय, कपाट भिंतीला ठोकलंय का नुसतंच उभं केलंय, हे सगळं बघून झालं की मान खाली येते आणि मग विचारतात, "काय आक्का, बऱ्या हाय न्हवं?"

पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा चहाला हातच लावेनात. मी म्हटलं, साखर कमी पडली का? तर बोट वर. माळ्यावर माझा पितळी हंडा होता, माहेरचा.

"आक्का, हा हंडा तुम्ही स्वयंपाकाला उभ्या राहता त्याच्या बरोबर वर हाय."

"अहो सर, लग्नापासनं तिथंच हाय. कधी पडला न्हाय."

"जमीन हलली न्हाय म्हणून पडला न्हाय," सर म्हणाले, आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य टाकलं, "जमीन झोपल्याली न्हाय आक्का. नुसती डोळं मिटून पडलीया."

आता असं कुणी बोलल्यावर त्या हंड्याखाली भाकरी थापायला हात धजतो का? हंडा खाली आला. पाठोपाठ माझ्या सासऱ्यांचा जाडजूड चौकटीतला फोटोही पलंगाच्या वरून निघाला आणि कोपऱ्यात जमिनीला टेकून उभा राहिला. आमचे मालक दोन दिवस तणतणत होते. "माझ्या बापाला जमिनीवर बसवलं की ह्या मास्तरनं!" सर शांतपणे म्हणाले, "अण्णा, तुमच्या वडलांनी तुमचं डोस्कं फोडावं, हे त्यांनाबी आवडलं नसतं."

मी सातवीत शाळा सोडली. पुढचं जे काय वाचलं ते वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून आणि वाचनालयातून आणून. पण भूगोल मात्र मला सरांनी शिकवला. तोही कसा, ऐका.

माझं माहेर शिरोळचं. भावाचं तिथं गुऱ्हाळ होतं. सर नोकरीत असताना एकदा सगळा वर्गच घेऊन तिकडं गेले आणि वाट दाखवायला मला बरोबर घेतलं. मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटत होता आणि वर मळीचे तुकडे तरंगत होते. कडेला जायचे, एकमेकांना धडकायचे, एक दुसऱ्याच्या खाली शिरायचा. सर काहिलीकडं हात करून पोरांना सांगायला लागले, "हे बघा, खाली तापलेला रस म्हणजे पृथ्वीच्या पोटातला ऐवज. आणि वर सरकतायत ते भूपट्ट. आपण सगळे ह्या मळीवर राहतोय."

तेवढ्यात गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या माणसानं, झारा घातला आणि मळी काढायला लागला. सर ओरडले, "थांबा! थांबा! आशिया काढू नका!"

गुळव्या बघतच राहिला. "मास्तर, तुमचा आशिया आत ठिवला तर माझा गूळ काळा पडंल."

"दोनच मिनटं! भारत धडकायलाय त्याला. हिमालय वर येऊ दे, मग काढा."

आणि खरंच, तो बारका तुकडा जाऊन मोठ्याला धडकला आणि मध्ये फेसाची घडी वर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुळव्यानं हिमालय झाऱ्यात घेतला आणि बादलीत आपटला. त्या दिवशी मला जे समजलं ते अजून डोक्यात पक्कं आहे. काकवीचा वास आला की मला अजून आशिया आठवतो.

सर नखं काढायला अंगणात बसले की हमखास सांगणार, "भारत असाच सरकतो, उत्तरेला. साधारण नखं वाढतात त्या वेगानं." आमच्या मालकांनी एकदा काळजीनं विचारलं, "म्हंजे कोल्हापूर पुण्याच्या जवळ जाणार काय?"

"न्हाय अण्णा. पुणंबी सरकतंय की. अंतर हाय तेवढंच राहणार."

"मग बरं हाय," असं म्हणून मालक निवांत झाले.

पण सरांचं खरं वेड म्हणजे सराव. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी शिट्टी वाजायची. वाजली की हातातलं काम टाकून आधी टेबलाखाली जायचं. टेबल नसेल तर कोपऱ्यात बसून डोकं झाकायचं. दुसरी शिट्टी वाजली की चुलीचा गॅस बंद करून, चालत, धावायचं नाही, तालमीपुढच्या पटांगणात जमायचं. पहिल्या वेळी सर एकटेच पटांगणात उभे होते. दुसऱ्या वेळी मी गेले, कीव आली म्हणून. पण माणूस हटेल तर शपथ. गल्लीतल्या दूध कट्ट्यावर दूध विकणारा तानाजी, एवढा पैलवान गडी, म्हणायचा, "सर, कोल्हापुरात पूर येतोय. भूकंप कवा आलाय?" सर म्हणायचे, "पूर सांगून येतो तानाजी. नदी पायरी पायरीनं चढते, बघता येतं. हे न सांगता येणार हाय. ये, टेबलाखाली शिर." आणि शेवटी तानाजीही कट्ट्यावरच्या टेबलाखाली शिरायला लागला. त्याचं निम्मं अंग बाहेरच राहायचं, ते सोडा.

ह्या सगळ्या तमाशाला वरच्या खिडकीतून एक प्रेक्षक असायचा. सरांच्या घरातल्या, शमीम भाभी. त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं, एक बाजू हलत नाही. पण तोंड? तोंड दोन्ही बाजूंनी चालतं! "तानाजी, पोट आत घे रे, भूकंपाला जागा दे थोडी!" असं वरून ओरडायच्या, आणि अख्खी गल्ली हसायची. आमची गल्ली नदीच्या अंगाला, उतारावर. महापूर आला की खालची खोली पाण्यात जाते, म्हणून सरांनी भाभींना वरच ठेवलेलं. जिना हा असा अरुंद, वर मधेच वळलेला. वर नेल्यापासून भाभी खाली आलेल्या नव्हत्या.

मध्यंतरी मी भावाकडं शिरोळला गेलते. परत आले तर गल्लीत नवीनच विषय. सरांनी सुताराकडून टेबल करून घेतलं होतं. लांबीला पलंगाएवढं, पाय खांबासारखे, आणि उंची म्हणाल तर माणसाच्या छातीला लागेल. सुतार सगळ्यांना सांगत सुटला होता, "मी म्हटलं सर, ह्याच्यावर जेवणार कसं? उभं राहून? तर म्हणाले, तू फळी जाड घाल." सुटे भाग वर नेले आणि दार लावून सरांनी एकट्यानंच जोडलं. "भूकंप सराला आता टेबलाचंबी वेड लागलं," तानाजी म्हणाला. मी म्हटलं, उद्या जाऊन बघते.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ते झालं. मी तांदूळ निवडत होते. आधी मांडणीतली भांडी खुळखुळली. मला वाटलं, उंदीर. मग सूपच हातात थरथरलं. मालक पलंगावरून ओरडले, "अगं, जमीन!" आणि काय सांगू तुम्हाला, विचार करायच्या आधी आम्ही दोघं टेबलाखाली होतो. ह्या वयात! गुडघ्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. थांबल्यावर गॅस बंद केला आणि चालत बाहेर पडलो. मघाशी तुम्ही बसत होता त्याच्या वरचं हे घड्याळ तेव्हा तिरकं झालं, ते अजून तसंच ठेवलंय.

पटांगणात सगळी गल्ली हजर. कुणी धावलं नाही, कुणी पडलं नाही. कुणाच्या अंगाला ओरखडा नाही. सगळे एकमेकांकडं बघून हसतायत, रडतायत. आणि मग ध्यानात आलं, शिट्टी वाजलीच नव्हती. सर कुठायत?

"आयला, सर स्वतःच नापास!" तानाजी म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

मी तशीच माघारी फिरले. मालक मागून ओरडत होते, परत हादरा बसंल म्हणून. बसू दे. जिना चढून वर गेले.

ते टेबल पलंगावर उभं होतं. म्हणजे पलंगाच्या चारी कोपऱ्यांना त्याचे पाय आणि पलंगावर त्याचं छप्पर. त्या छपराखाली भाभी झोपलेल्या, आणि त्यांच्या शेजारी अंग आक्रसून सर बसलेले. एका हातानं टेबलाचा पाय धरलेला, आम्हाला शिकवला होता तसाच. दुसऱ्या हातात भाभींचा हात, न हलणारा.

भाभी मला बघून म्हणाल्या, "आक्का, ह्यांना सांगा की बाहेर जावा म्हणून! जन्मभर भूकंप भूकंप केलं, एकदाचा आला, तर हे घरात बसलेत!"

सर माझ्याकडं बघेनात. "तिला टेबलाखाली जाता येत न्हाय आक्का," ते म्हणाले. "म्हणून टेबल तिच्यावर आणलं. पुराला वर बरं, भूकंपाला खाली बरं. दोन्हीचं एक उत्तर मला अजून सापडलं न्हाय."

सगळ्या गल्लीला बाहेर पडायला शिकवणारा माणूस हा, पण "माझ्या बायकोला जरा उचलायला या" एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं. मी म्हटलं, "सर, गल्लीला का न्हाय सांगितलं?"

"लोकांवर ओझं कशाला, आक्का. प्रत्येकानं आपापलं माणूस बघायचं असतं तेव्हा."

"मला विचारलंय का कुणी?" भाभी कडाडल्या. "मला काय हिथंच बसायचंय व्हय, खिडकीतनं तानाजीचं पोट बघत?"

मग माझंच डोकं फिरलं. खिडकीत गेले आणि खाली हाक मारली, "तानाजी! येत्या रविवारी सराव हाय. हात्याची मजबूत खुर्ची घेऊन ये, आणि दोर." सर नको नको म्हणत राहिले. मी म्हटलं, "सर, तुम्ही माझा हंडा उतरवताना मला विचारलंतं काय?"

रविवारी शिट्टी मी वाजवली. भाभींना खुर्चीत बसवून दोरानं बांधलं. खाली तानाजी, वर सुतार, बाजूला आम्ही. वळणावर खुर्ची अडकली. "तिरकी करा!" "तिरकी कशाला! मी पडते की!" भाभी ओरडल्या. "भाभी, माझ्या गळ्यातला हात सोडा, श्वास घेऊ द्या!" तानाजी म्हणाला. सुतारानं तिथल्या तिथं कठडा कापून काढला. सर खालच्या पायरीवर उभे, शिट्टी नाही, सूचना नाही, नुसते दोन्ही हात वर धरून, जणू सगळा जिनाच झेलणार आहेत.

पटांगणात भाभींना उन्हात ठेवलं. त्यांनी डोळे मिटून तोंड वर केलं. भाभी! गप्प! सर पाठ करून तालमीच्या भिंतीकडं बघत उभे राहिले. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नाही, मला माहीत आहे. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "वेळ लई लागला. पुढच्या वेळी वळणावर आधी मागचे पाय उचला." आणि तानाजी म्हणाला, "व्हय सर."

आता दर महिन्याला भाभी खाली येतात. हसू नका, पण आम्ही आता वळण एका दमात पार करतो. नुसता सुतार हल्ली कागलला एमआयडीसीत कामाला जातो, रविवारीही कधी कधी सुट्टी नसते त्याला, आणि खुर्चीचा वरचा एक पाय धरायला माणूस कमी पडतं. म्हणून सांगते, नुसतं फोनवर ख्यालीखुशाली विचारू नका. लवकर या परत, रविवार धरून या. काकवी ठेवते तुमच्यासाठी. चपला मात्र घट्ट घालून या, खुर्चीचा एक पाय तुम्हाला धरायचाय.