दहाच्या दहा प्रती

माझं न्यूजलेटर हातोहात संपतं! हे मी अगदी नम्रपणे सांगतेय.

लेक दुपारी झोपली की मिळणाऱ्या चाळीस मिनिटांत मी ते लिहिते. विषय असे, की ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. जिन्याची झिजून खोलगट झालेली पायरी, नाहीतर कुठलं कुलूप उघडतात हेच कुणाला ठाऊक नाही अशा किल्ल्या. ईमेलने एकतीस जणांना जातं. त्यातले नऊ नातेवाईक, म्हणजे न वाचणारे.

"पण वाचतं का गं कुणी?" नवऱ्याने एकदा विचारलं. खवचटपणे नाही, काळजीने. तेच जास्त लागतं! मग मी ठरवलं. किल्ल्यांच्या अंकाच्या दहा प्रती छापून लेकीच्या डॉक्टरांकडे बाकावर ठेवायच्या. एकाने जरी वाचली तर चालू ठेवायचं. नाहीतर दुपारी आपणही मुकाट झोपायचं.

महिन्याने लशीला गेले, तर बाकावर एकही प्रत नाही! लेकीचं वजन करून बाहेर येताच नवऱ्याला फोन लावला. "दहाच्या दहा गेल्या! सांग तुझ्या नातेवाइकांना!"

त्या भरात पुढचा विषयही समोरच दिसला. रिसेप्शनच्या टेबलाच्या पायाखाली, डगमगू नये म्हणून कागदाची जाड घडी खुपसली होती. किती टेबलं अशी कुणाच्या तरी जिवावर उभी असतील! लेकीला कडेवर घेऊन मी वाकले आणि नमुना म्हणून घडी हळूच ओढली.

टेबल दमलेल्या म्हशीसारखं एका अंगावर बसलं. चहाचा कप घरंगळत थेट नंबरांच्या वहीवर! सगळी शाई फिसकटली.

"माझा दुसरा नंबर!" एक आजोबा ताडकन उठले.

"तुमचा रोज दुसराच असतो हो!" जुळ्यांची आई कडाडली.

"आणि तुमचे काय दोन धरायचे?"

सहा बाळांनी एकदम भोंगा लावला. डॉक्टर कानातल्या नळ्यांसकट बाहेर. "काय पडलं?"

"यांनी टेबलाखालचं काढलं!" रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या. "द्या ते इकडे!"

पण मी घडी उलगडली होती. आत किल्ल्या!

"ताई... हा माझा अंक आहे."

"तुमचा? अहो, काय मस्त जाड कागद! एक इथे, दोन त्या वाजणाऱ्या खिडकीत, बाकीच्या पालथ्या करून वजनकाट्यावर, बाळांखाली."

म्हणजे मघाशी माझ्या लेकीने ज्यावर आपला अभिप्राय नोंदवला, तोही माझाच अंक! अभिप्राय चांगला भरघोस होता.

मी मान खाली घालून पुन्हा घड्या घालू लागले. डोळे भरले होते. पुसायला हात मोकळा नव्हता. तेवढ्यात वही टिपता टिपता ताई हळूच म्हणाल्या, "एक विचारू? त्या आजींनी नवऱ्याच्या खिशातली किल्ली फेकली, की ठेवली?"

"तुम्ही वाचलंत?"

"घडी घालता घालता. तिसऱ्या घडीनंतर दिसेना. महिनाभर डोक्यात आहे बाई!"

"मग काढून वाचायचं की!"

"आणि टेबल कोण धरणार?"

मी धरलं. एका हातात टेबल, दुसऱ्यात लेक. ताईंनी उभ्याउभ्या शेवट वाचला. "ठेवली ना! मला वाटलंच," त्या म्हणाल्या, नाक पुसलं, नीट आठ पदरी घडी घातली आणि पायाखाली सारली.

न्यूजलेटर चालू आहे. पुढचा अंक साध्या पातळ कागदावर छापणार होते, पण ताईंचा निरोप आलाय: जाडच हवा, खिडकी अजून वाजते.