काचेवरची कलई

आमगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या धनेंद्रने तीन वर्षं खपून काचेच्या बारा पट्ट्यांवर चांदी आणि तांब्याचे नॅनोकण वाढवले होते. या कणांनी पाण्यातले जंतू मरणार होते, देशाचं भलं होणार होतं आणि मुख्य म्हणजे पीएचडी होऊन धनेंद्रची कंत्राटी नोकरी पक्की होणार होती. तूर्त दिसायला पट्ट्यांवर तेवढा पिवळट डाग होता.

सोमवारी नागपूरला गाइडना दाखवायच्या म्हणून त्याने पट्ट्या घरी आणल्या आणि विद्वानाला शोभेल अशा दक्षतेने घासायच्या भांड्यांशेजारी ठेवल्या. रविवारी बायकोने, जमुनाने, दिवाळीची पितळी भांडी चिंच-राखेने घासली. सोबत पट्ट्याही घासल्या. बाराच्या बारा लख्ख झाल्या.

धनेंद्रने एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. "तीन वर्षं गेली माही."

"चिंचेनं निंगते ते कायची कलई?" जमुना म्हणाली. "माह्या मायच्या बगुण्याची बारा वर्षं हालली नाई. कलईवाला पयले भांडं तापवते. तुमी तापवले का?"

तापवलं नव्हतं. ज्या अमेरिकन लेखावरून त्याने पद्धत उचलली होती, त्यात तसं लिहिलेलंच नव्हतं.

सोमवारी तो कोऱ्या काचा घेऊन गाइडसमोर उभा राहिला आणि कण टिकत नाहीत, घासून पाहिलं, असं पुटपुटला. गाइडना गहिवरून आलं. आपलेच कण पुसून पाहणारा विद्यार्थी त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. मग उपाय काय, त्यांनी विचारलं. काच आधी तापवायची, धनेंद्र म्हणाला.

"हे सुचलं कुठून?"

"वाचनातून, सर," धनेंद्र नम्रपणे म्हणाला.

दोन महिन्यांनी तापवलेल्या काचेवरच्या नव्या पट्ट्या तयार झाल्या. आता टिकाऊपणाचा पुरावा हवा होता. धनेंद्रने त्या गुपचूप खरकट्या भांड्यांत सरकवल्या आणि वही घेऊन दाराआड उभा राहिला. जमुनाने चिंच लावली, राख लावली, मनगट दुखेपर्यंत घासलं. डाग जागचा हलला नाही. धनेंद्रला राहवलं नाही. बाहेर येऊन, आता आपण डॉक्टर झालोच समज, असं त्याने तिला सांगितलं.

जमुनाने राखेचे हात पदराला पुसले. "तापवाले मी सांगतली, घासूनबी मीच पायली. मंग डाक्टर तुमी काऊन जी?"

धनेंद्रने वही मिटली आणि उरलेली भांडी घासायला घेतली.