सात नंबरचा धडधाकट माणूस

सासऱ्यांच्या तब्येतीवर शंका घ्यायची घरात सोय नव्हती. आपण ठणठणीत आहोत हे ते स्वतःच सकाळ-संध्याकाळ सांगत. त्यामुळे सुनेच्या प्रयोगशाळेला साठीपुढची धडधाकट माणसं हवी आहेत असं कळताच त्यांनी जेवता जेवताच बाही वर केली.

सून रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायची. रुग्णाच्या रक्तातली जनुकं कुठे बिघडली हे कळायचं, तर शेजारी ठेवून बघायला न बिघडलेलं रक्तही लागतं.

"बाबा, कधी मोठं आजारपण?" तिने रीतसर विचारलं.

"मला? मला शिंकसुद्धा विचारून येते."

"अहो, पण ते..." सासूबाईंनी तोंड उघडलं.

"तू वाढ आधी."

सासऱ्यांना सात नंबर मिळाला. फिरायला येणाऱ्या मंडळींना त्यांनी तो लगोलग सांगूनही टाकला. पंधरवड्याने जनुकं वाचणाऱ्या यंत्राने कौल दिला. सात नंबर, स्त्री.

"नळ्यांची अदलाबदल झालीय," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "एक बदलली, तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा? शुक्रवारपर्यंत उलगडा नाही झाला, तर सगळं पहिल्यापासून."

सगळं म्हणजे सुनेची दोन वर्षं. त्या धसक्यात तिने तंत्रज्ञाला विचारलं, "नळीवर चिठ्ठी तुम्हीच लावली होती ना?" तो "हो" म्हणाला आणि त्याने बोलणंच टाकलं. "मॅडमना सांगा, हातमोजे संपलेत," असं तो तिच्यासमोर उभा राहून फ्रीजला सांगू लागला.

तिने सासऱ्यांचं रक्त पुन्हा काढलं.

"चांगल्या मालाला मागणी असायचीच," सासरे खुशीत म्हणाले.

या खेपेला चिठ्ठी तिने लावली, नळी तिने नेली, यंत्रातही तिनेच घातली. तरी स्त्रीच.

दुसरा कुणी असता तर तिच्या डोक्यात केव्हाच प्रकाश पडला असता, रोजचंच काम होतं ते. पण घरच्या माणसाने नाही म्हटलं म्हणजे नाही, असं ती धरून चालली होती. शेवटी तिने सासऱ्यांच्या नखांचे तुकडे नेले. नखं पुरुषाची निघाली. त्या दिवशी ती खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता स्वयंपाकघरात शिरली.

"आई, बाबांना कुणी अस्थिमज्जा दिली होती का?"

सासूबाईंनी गॅस बारीक केला. "तुझा नवरा दुसरीत होता तेव्हा. याच रोगाने धरलं होतं. वन्संनी दिली."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"शपथ घातलीय आम्हाला. बरा झालो, विषय संपला, म्हणतात. त्यात वन्संचं नावही काढायचं नाही."

आईचं शिलाई मशीन कुणी न्यायचं यावरून सासऱ्यांचं आणि त्यांच्या या बहिणीचं बोलणं बंद होतं, सुनेच्या लग्नाच्याही आधीपासून. मशीन भावाकडे होतं, नुसतं पडून.

सासरे बाहेर पेपर वाचत होते. सून समोर बसली. "बाबा, रक्त मज्जेत तयार होतं. मज्जा आत्यांची, म्हणजे रक्तही आत्यांचंच."

"इतकी वर्षं माझ्यात राहून माझं झालं नाही?"

"नाही होत."

"नखं?"

"नखं तुमची."

सासरे बराच वेळ नखांकडे बघत राहिले.

"आत्यांचं रक्त जुळवून दाखवलं तर माझं काम वाचेल. पण त्यांना तुम्हीच बोलवायला हवं."

त्यांनी फोन लावला. नंबर मात्र पाठ होता.

"मी बोलतोय."

"मी कोण?"

"तुझा भाऊ."

आत्याचा आवाज एकदम खाली आला. "पुन्हा उलटलं का रे?"

"नाही. बरा आहे. तुझं थोडं रक्त हवं होतं."

"निघाले."

कशाला हवंय, हे तिने विचारलंच नाही. सासऱ्यांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

रक्त तंतोतंत जुळलं आणि सुनेची दोन वर्षं वाचली. तिने माफी मागितल्यावर तंत्रज्ञाने फ्रीजकडे बघत "असू दे" म्हटलं. सासऱ्यांना मात्र निरोगी लोकांतून वगळावं लागलं. जागा रिकामी झाली, आत्या धडधाकट होती, तेव्हा सात नंबर तिला मिळाला.

संध्याकाळी आत्या घरी चहा पिऊन निघाली, तेव्हा सासरे पुटपुटले, "ते मशीन घेऊन जा."

"राहू दे," आत्या चपला घालत म्हणाली. "माझं एवढं सगळं वापरतोयस, त्यात आणखी एक."