अर्धापूरला सुटणारा नट

हदगावचा जब्बारमामू गनची ताकद एसटीच्या थांब्यांत मोजतो.

गन म्हणजे बंदूक नव्हे, घाबरू नका. गॅरेजात चाकाचे नट खोलायला हवेवर चालणारं, कानठळ्या बसवणारं हत्यार असतं, त्याला आमच्या धंद्यात गन म्हणतात. नांदेडला माझं अशा हत्यारांचं दुकान आहे. बाकीची गिऱ्हाइकं येतात, कॅटलॉगात ताकदीचा आकडा बघतात, भाव पाडून मागतात आणि घेऊन जातात. मामू कॅटलॉग पालथा घालतो. "नटाला वाचता येत न्हाई, शेठ," म्हणतो. मग गन नटाला लावतो, घोडा दाबतो आणि डोळे मिटून सुरू करतो, "हदगाव, वारंगा, अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर."

ही लातूरची गाडी. नट ज्या गावाला सुटेल, ते त्या गनचे मार्क. वारंग्याला सुटला तर गन पैलवान. अर्धापूरला सुटला तर पास. त्याच्या पुढं गेली की नापास, मग ती कुठल्याही देशाची असो.

"अर्धापूरच्या पुढं गेलेली गन आमच्या गॅरेजात चढत न्हाई. उस्तादाचा नियम हाय," असं म्हणताना मामू कानाच्या पाळीला हात लावतो. त्या अदबीवरून उस्ताद कधीचेच वारले असणार असं मी धरून चाललो होतो.

परीक्षेचा पेपरही मामू घरूनच आणतो. एका जुन्या जीपच्या चाकाचा हब, म्हणजे मधला लोखंडी गड्डा, त्यावर पाच नट, सगळं गोणपाटात बांधून एसटीनं. नट मिठाच्या पाण्यात आठवडाभर ठेवून गंजवलेले. आमच्या घरी कैऱ्या मुरवतात, मामूच्या घरी नट. एकदा नव्या कंडक्टरनं त्या गोणपाटाचं तिकीट मागितलं तर मामू म्हणाला, "मांडीवर बसून आलाय की त्यो. मांडीवरल्या लेकराला तिकीट लागतं व्हय?"

दोन गनांची बरोबरी करायची तर नट सारखाच कसलेला हवा, म्हणून लांब पाना लावून तो स्वतः हबवरच्या पांढऱ्या खुणेपर्यंत कसतो. कंप्रेसरच्या हवेच्या दाबाचा काटा नव्वदवर आल्याशिवाय गनला हात लावत नाही. हवेचा पाइपसुद्धा स्वतःचा. "तुमच्या पाइपाला भोक असलं तर बिचाऱ्या गनचे मार्क जातेत," म्हणतो. एवढ्या इमानदारीनं मी पोरीसाठी स्थळंही बघितली नाहीत.

आणि एवढं करून तीन वर्षांत त्यानं माझ्याकडून एक गन घेतली असेल तर शपथ! मी चिडायचो. चिडणार नाही तर काय, दुकान माझं, वीज माझी, दुपार माझी.

बरं, नुसती ताकद बघून त्याचं भागत नाही. मामू गन धरतो तीनच बोटांनी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ ताठ ठेवतो, लग्नात अत्तर लावून घ्यायला हात पुढं करतात तसा. त्यामुळं जड गन हातातून निसटायची. मी म्हणायचो, "मामू, देवानं पाच दिलीत, पाचही वापरा की." तो म्हणायचा, "तिघांत धरली जाती का, तेच तर बघून राहिलो."

पाचही नट खोलून झाले की शेजारच्या टपरीवरून चहा मागवायचा. काठोकाठ भरलेला. मग ज्या हातात गन होती त्याच हातानं कप उचलायचा. गननं हात झिणझिणवला असला की चहा सांडायचा. मामू बशीत वाकून बघायचा, सांडलेला चहा भुरकायचा आणि निकाल सांगायचा. एका मोठ्या लोखंडी गननं नट वारंग्यालाच सोडला होता. मी तर बिलबुक उघडलं. पण बशी निम्मी भरली. "ताकद लई हाय, पर माणूस हलवून टाकती," म्हणाला आणि हब गोणपाटात बांधायला लागला. दुसरी एक भयंकर ओरडायची. तिला मामू म्हणाला, "आवाज जिल्ह्याचा, काम गल्लीचं." तिसरी चहा सांडत नव्हती, पण तीन बोटांत राहत नव्हती.

एकदा मी वैतागून विचारलंच. "मामू, तुमच्या गॅरेजात चार गना आहेत. ही पाचवी कोणाला पाहिजे?"

"हाय एक कारागीर," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, गॅरेजात यायचा बंद झालाय. त्याच्या हाताला बसंल अशी गन गावली की येईल."

मला त्या कारागिराचा भारी राग आला. असला कसला हा नखरेल गडी, की ज्याच्यासाठी म्हाताऱ्या मालकानं लेकरासारखा हब मांडीवर घेऊन नांदेडच्या खेपा घालाव्यात? मी म्हटलं, "काढून टाका की त्याला. दुसरा ठेवा." त्या दिवशी मामूनं चहाही अर्धाच घेतला.

मागच्या महिन्यात माझ्याकडं एक छोटी गन आली. प्लास्टिकच्या अंगाची, इतकी हलकी की मलाच तिच्यावर भरवसा नव्हता. मामूनं ती तीन बोटांत धरली. राहिली. नटाला लावली. "हदगाव, वारंगा, अर्धापूर..." गेलं अर्धापूर. गेलं नांदेड. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरला नट सुटला. मी गन खोक्यात घालायला हात पुढं केला. चाकूर म्हणजे सपशेल नापास.

"थांबा, शेठ." मामूनं चहा मागवला. कप उचलला. बशी कोरडी. त्यानं कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. पुन्हा कोरडी. मग म्हणाला, "बांधा."

"चाकूरला सुटलाय, मामू."

"बांधा म्हणलं ना."

भाव न करता गन छातीशी धरून तो निघूनही गेला. बघतो तर काय, गोणपाट माझ्या दुकानातच. हब विसरला! तीन वर्षांत छत्री विसरला, चष्मा विसरला, पण हब कधी नाही. आनंदानं भान सुटलं असेल असं मला वाटलं. म्हटलं, आपणच नेऊन देऊ, तेवढंच मामूचं गॅरेज बघणं होईल. दुसऱ्या दिवशी सकाळीच हब गाडीत टाकून हदगावला गेलो.

गॅरेजात खुर्चीवर एक म्हातारबाबा बसले होते. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. मांडीवर माझ्या दुकानातली छोटी गन. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट सरळ ताठ. मिटतच नव्हती ती.

मला सगळं एका झटक्यात कळलं. उस्ताद वारले नव्हते, आणि तो नखरेल कारागीर म्हणजे तेच. किसनदादा म्हणतात त्यांना. चाळीस वर्षं त्या खडखडणाऱ्या गना चालवून त्यांचे हात बधिर झाले. तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाइकासमोर हातातून गन पडली. त्या दिवशी ते घरी गेले ते परत आलेच नाहीत. हातांचं हे मामूनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी मात्र मामू आणि दादा वाद घालत होते.

"हब कुठाय?" दादा विचारत होते. "हबवर बघितल्याबिगर मी हात लावत नसतो."

"हब नांदेडला ऱ्हायला, दादा. म्या तपासलीया की, आता हबची काय गरज?"

आणि मी मोठ्या ऐटीत गोणपाट दोघांच्या मधे ठेवलं. "हा घ्या, मामू. विसरला होता."

मामूनं माझ्याकडं बघितलं. अरे देवा. तो हब विसरला नव्हता, ठेवून आला होता. ज्यानं कुठल्या गनला एक मार्क फुकट दिला नाही, त्यानं जन्मात एकदा लबाडी केली, आणि ती मी पेट्रोल जाळून उधळली. वाटलं, हब उचलावा आणि उलट्या पावली नांदेड गाठावं.

"आला का? बरं झालं," दादा म्हणाले. "कस नट."

मामूनं नट कसला. खुणेच्या अलीकडं थांबायची सोय नव्हती, दादांची नजर पांढऱ्या खुणेवरच होती. दादांनी तीन बोटांत गन धरली. धरताना ओठ घट्ट मिटले. आता गन चाकूरला गेली की दादा ती खाली ठेवणार, घरी जाणार, आणि पुन्हा काही या खुर्चीवर येणार नाहीत, हे मला दिसत होतं आणि मामूलाही.

"मोज," दादा म्हणाले. मोजायची ही रीत मुळात त्यांचीच.

गन सुरू झाली. "हद..." मामू म्हणाला. मग खोकला. "...गाव." मग घाम पुसला. "वा... रंगा." मग एक लांब श्वास घेतला. "अर्... धा..."

नट टणकन खाली पडला.

"...पूर," मामू म्हणाला.

दादांनी गन मांडीवर ठेवली, त्याच हातानं शेजारचा चहा उचलला आणि प्यायला. बशीत थेंब नव्हता.

"जब्बार," ते म्हणाले, "आज गाडी लई सावकाश चालली रे."

"रस्त्याचं काम चालू हाय, दादा," मामू म्हणाला. खाली बघत.

दादा माझ्याकडं वळले. "शेठ, तुमी आत्ताच त्या रस्त्यानं आलाव ना? हाय का काम चालू?"

मी चांगला तासाभरात, एकदाही न थांबता आलो होतो.

"हाव," मी म्हणालो. "लई मोठं काम हाय, दादा. अजून चार-पाच वर्षं तरी चालंल."

दादांनी मान हलवली. मग गन उचलून म्हणाले, "जब्बार, दुसरा नट कस."