एकच नग

मोठी ऑर्डर आली की संतापणारा दुकानदार मी अख्ख्या भांडुपात एकच पाहिला. तावडेकाका. टी-शर्टवर हवं ते छापून देण्याचं त्यांचं दुकान आमच्या चाळीखालीच आहे. गिऱ्हाईक आत आलं की काका आधी विचारतात, "किती नग?" उत्तर 'एक' असेल तर स्टूल पुढे सरकवतात. जास्त असेल तर पंखा बंद करतात.

कापडाबद्दलही तोच तऱ्हेवाईकपणा. गिऱ्हाइकाने आणलेल्या शर्टाचा एक धागा उपटून काका तो काडीने पेटवतात. राख झाली तर सुती, गोळी झाली तर पॉलिस्टर. "ह्याच्यावर माझी शाई बसत नाही, घेऊन जा," म्हणून शर्ट परत. एकदा तर एका बाईंच्या अंगातल्याच कुडत्याचा धागा ओढायला निघाले होते. मी हात धरला म्हणून निभावलं.

पूर्वी काका जाळीच्या फ्रेमवर शाई ओढून छापत. दर चित्राला नवी फ्रेम बनवायची खटपट एवढी, की पन्नासाच्या खाली काम परवडत नसे. मंडळं, शाळा, निवडणुका, सगळं जोरात चालायचं. मग तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा, संदेश, काविळीने गेला. वर्षाच्या आत काकांनी सगळ्या फ्रेमा भंगारात घातल्या आणि कॉम्प्युटरवरून थेट कापडावर छापणारं डिजिटल मशीन आणलं. त्यात एकेक नगही सुटा निघतो. पोराच्या दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

परवा आमच्या मंडळाचे आप्पा वारले. त्यांच्या फोटोचे चाळीस टी-शर्ट सांगायला मी दुकानात गेलो. पंखा बंद झाला.

"चाळीस? मेल्या, आप्पा काय चाळीस वेळा गेले? एक छापतो. त्यांच्या बायकोला नेऊन दे."

"काय काका तुम्ही पण! आता बटणच दाबायचं ना?" मीही चिडलो. "गिऱ्हाइकं हाकलायला आणलंत काय हे मशीन?"

काका मशीनकडे वळले. मशीनखालचा खण ओढून त्यांनी इस्त्री केलेली एक घडी काढली आणि माझ्यापुढे उलगडली. टी-शर्ट होता. धुऊनही न गेलेले ग्रीसचे डाग, आणि त्यांतून बघणारा संदेश. एक डोळा पार घासून गेलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"तुम्हा पोरांसाठी दीडशे छापले होते मी. बाराव्याला घालून सगळे रडलात. दोन महिन्यांनी स्टेशनबाहेर एक रिक्षावाला काच पुसत होता, ह्याच्या तोंडाने. त्याला कुणीतरी फडकं म्हणून दिलेला. मागून घेतला मी."

त्या दीडशेंतला एक माझाही होता.

"तुझा आहे ना रे अजून?" काकांनी विचारलं.

आमच्या घरी त्याने दोन पावसाळे मोरीपुढे पायपुसणं म्हणून काढले होते, आणि मग तो कचऱ्यात गेला होता. "आहे ना काका," मी म्हणालो. "कपाटात आहे." स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

काका उठले. त्यांनी पंखा लावला, स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"धुताना उलटा करून धू हां," ते म्हणाले. "म्हणजे चेहरा टिकतो."