सालासकट आयवर

"साल काढायचं नाही म्हणे. म्हणजे आता माणसांनी कोळसा खायचा," अंगणातल्या चुलीपाशी मिरच्या उलटताना वेलिका पुटपुटली.

कुंपणापलीकडे तिची शेजारीण त्रायांका उभी होती. तिने हे स्वच्छ ऐकलं, आणि घरात बसलेल्या वेलिकाच्या मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं वेलिके, काय सुंदर वास सुटलाय!"

कोणत्याही राष्ट्राची प्रगती तिथल्या तरुणांच्या उद्यमशीलतेवर अवलंबून असते. (ज्या राष्ट्रात तरुण उरलेले असतात, तिथे.) मॅसेडोनियातल्या गोर्नो व्र्‌बेश या गावाने हे तत्त्व मान्य केलं तेव्हा गावात एकच तरुण उरला होता. वेलिकाचा मुलगा कोस्तादिन. त्याच्या वर्गातल्या एकतीस मुलांपैकी सत्तावीस जर्मनीत होती, दोघं स्लोव्हेनियात, आणि एक जण जर्मनीहून पाय मोडून आल्यामुळे तात्पुरता गावात होता. राहता राहिला कोस्तादिन. त्यानेही जाहीर करून टाकलं होतं, की धंदा चालला तर ठीक, नाहीतर एक नोव्हेंबरच्या बसने तो जर्मनीतल्या डॉर्टमुंडला जाणार. आत्येभावाने तिकडे पार्सलच्या गोदामात जागा धरून ठेवली होती.

धंदा आयवरचा. लांबट लाल ढोबळ्या मिरच्या विस्तवावर काळ्या होईतो भाजायच्या, बोटं पोळत असतानाच त्या सोलायच्या, मग तेल-लसूण घालून दिवसभर ढवळत आटवायच्या आणि वर्षभरासाठी बरण्यांत भरायच्या. गोर्नो व्र्‌बेशमध्ये वेलिकाचं सोडून एकशे चाळीस घरं आहेत आणि सप्टेंबरात एकशे चाळीस घरं आयवर करतात. अशा गावात आयवर विकायचं म्हणजे काय, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. कोस्तादिनच्या आराखड्यात त्याचं उत्तर होतं: 'ग्राहकांना उत्पादनाची पूर्वओळख : शंभर टक्के.'

आराखडा चौतीस पानी होता. युवा उद्योजक केंद्राच्या तीन दिवसांच्या शिबिरात तो तयार झाला होता आणि त्यात रंगीत तक्ते होते. अकराव्या पानावर कामाच्या वेळेचं विश्लेषण होतं. 'मिरच्या सोलणे : एकूण वेळेच्या एकसष्ट टक्के. उत्पादनात भर : शून्य. शिफारस : बंद करणे.'

गेल्या चारशे वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

म्हणून सोलणं बंद झालं. बरणीवर लेबल आलं : 'सालासकट. भरपूर तंतुमय.' खाली बारीक अक्षरांत : 'रिकामी बरणी परत करा, पुढच्या बरणीवर दहा टक्के सूट मिळवा.'

पहिल्याच आठवड्यात एकशे चाळीस बरण्या खपल्या. घरटी एक. माल घेताना गिऱ्हाइकांनी दिलेले अभिप्राय कोस्तादिनने नोंदवून ठेवले आहेत. निवृत्त पोस्टमन स्पासेकाका म्हणाले, "वेगळं आहे." पाद्रीबाबा म्हणाले, "यावर विचार करायला हवा." त्रायांका म्हणाली, "मी तर बाई राखून राखून खाते." (तिने ते कोंबड्यांना घातलं. त्यानंतर चार दिवस कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत. या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध झालेला नाही.)

वेलिकाने स्वतः पहिल्या दिवशी चमचाभर खाल्लं होतं. मुलगा समोर उभा होता. जळकं साल तिच्या दाढेत अडकलं होतं, आणि ती म्हणाली होती, "मीठ अगदी बेताचं पडलंय." हे खरंच होतं. मीठ तिनेच घातलं होतं.

पुढचा आठवडा कठीण गेला. बरण्या परत येऊ लागल्या, आणि भरलेल्या.

त्याचं असं, की गोर्नो व्र्‌बेशमध्ये दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करत नाहीत. लग्न मोडलेल्या व्याह्यांकडेही नाही. लेबलावर 'रिकामी' असं लिहिलं होतं हे सगळ्यांनी वाचलं आणि छापणाऱ्याची चूक समजून सोडून दिलं. प्रत्येकीने बरणी घासली, पुसली, आपल्या घरचं आयवर तिच्यात भरलं, आणि दिवेलागणीला वेलिकाच्या फाटकाशी ठेवून गेली. काहींना एकच बरणी नेणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी दोन ठेवल्या. एकशे चाळीस विकल्या होत्या, एकशे त्रेसष्ट परत आल्या.

कोस्तादिन फाटकाशी त्या बरण्यांच्या ओळीसमोर उभा राहिला. "माल परत केला गं, आई. अख्ख्या गावाने."

त्या दिवशी वेलिकाने त्याला फोनवर बसचं वेळापत्रक बघताना पाहिलं.

मग त्याने एक बरणी उघडली आणि बोट बुडवून चाटलं. थांबला. पुन्हा चाटलं.

"आई! हे मुरलंय! लोकांच्या कपाटात दहा दिवस राहून मुरलंय! कडूपणा पार गेला. साल तर विरघळूनच गेलंय बघ!"

वेलिकाने चव घेतली. त्रायांकाच्या हातचं होतं. लसूण ती नेहमी जास्तच घालते.

"मुरलंय खरं," वेलिका म्हणाली.

नवं लेबल आलं : 'घराघरांत मुरवलेलं.' एकशे त्रेसष्ट बरण्या त्याच एकशे चाळीस घरांत पुन्हा गेल्या. आता गाव एकमेकांचं आयवर विकत घेऊन खात होतं, आणि मनापासून खात होतं. स्पासेकाकांना दुसऱ्याच घासाला बायकोच्या हातची चव लागली. त्यांनी घरी काहीच सांगितलं नाही. आपल्या बहिणीच्या हातची बरणी घरी आली असती तर बायकोचं तोंड दोन दिवस बंद झालं नसतं; ती आली नाही, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं. बरण्या परत आल्या. एकशे ब्याण्णव.

विकेल तितका साठा वाढणारा हा खंडातला एकमेव उद्योग असावा. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. गोर्नो व्र्‌बेशमध्ये याला 'पोरगं राहतंय ना' असं म्हणत, तेही कोस्तादिन ऐकत नसताना.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी युवा उद्योजक केंद्राच्या परीक्षक मग्दाबाई कोस्तादिनचा धंदा तपासायला राजधानीहून आल्या. शाळेत वर्ग भरत नसल्यामुळे कार्यक्रम शाळेतच ठेवला. गाव झाडून हजर. बाईंनी पाच बरण्या उघडल्या, पावाच्या तुकड्यावर घेऊन पाचही चाखल्या आणि डोळे मिटले.

"प्रत्येक बरणीची चव निराळी," त्या म्हणाल्या.

गावाने श्वास रोखला.

"हीच तर नवनिर्मिती!"

गावाने श्वास सोडला. बाईंनी कागद काढला. कोस्तादिनला वर्षातला सर्वोत्तम युवा उद्योजक म्हणून घोषित करण्यात आलं. गोर्नो व्र्‌बेशची बाजारपेठ त्याच्या गुणांना अपुरी आहे, हे तक्त्यांवरून सिद्ध झालं. आयवर खाणारी आपली सगळी तरुण माणसं आता जर्मनीत आहेत. सबब केंद्र त्याला तीन वर्षांसाठी डॉर्टमुंडला पाठवत आहे, राहण्या-जेवणासकट. बस एक तारखेलाच.

मग स्पासेकाकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, कारण काहीतरी करायला हवं होतं. त्रायांकाने डोळे पुसत वाजवल्या. पाद्रीबाबांनी वाजवल्या. (तुम्ही हसताय, पण त्या बाकांवर तुम्ही असतात तर तुम्हीही वाजवल्या असत्या. विमानतळाच्या काचेअलीकडून हात हलवत 'तब्येतीला जप' एवढंच कुणीकुणी म्हटलंय, त्याची यादी मागवली तर ती गोर्नो व्र्‌बेशपाशी थांबणार नाही.)

टाळ्या थांबल्या तेव्हा एक माणूस उठून उभं राहिलं. वेलिका.

"बाई, यातली एकही बरणी त्याची नाही. ही त्रायांकाची, ती स्पासेच्या बायकोची, ती टोकाची पाद्रीणबाईंची."

"आई, बस ना खाली," कोस्तादिन कुजबुजला.

"नाही बसत. तुझं आयवर कडू आहे, कोस्तादिन. खाल्लं तर कोंबड्या अंडी देत नाहीत. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, फक्त तुला नाही."

कोस्तादिनने गावाकडे पाहिलं. गावाने आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"मग हे सगळे विकत का घेत होते?"

वेलिकाने मुलाच्या कोटाची नीटच असलेली कॉलर पुन्हा नीट केली.

"कडूच कर," ती म्हणाली. "सालासकट कर, देठासकट कर, आम्ही खाऊ. पण जाऊ नकोस रे."