माशा खाणाऱ्या झाडाचा श्रावण

घरात खाणारे तोंड वाढले की घराची चिंता वाढते; मात्र ते तोंड कुंडीत असेल तर घराची प्रतिष्ठा वाढते. सन २००३ च्या पावसाळ्यात सापगावच्या साईनाथने मुंबईच्या एका प्रदर्शनातून माशा खाणारे झाड आणले, तेव्हा हा नियम सिद्ध झाला.

साईनाथ जवळच्या आसनगाव स्टेशनवरून रोज मुंबईला जाणारा कारकून. त्यामुळे झाडाचे संगोपन त्याने लेखी सूचनांद्वारे चालवले. नळाचे पाणी घालू नये (नळ कोरडाच असल्याने घराने ही सूचना काटेकोर पाळली). खत देऊ नये. गंमत म्हणून झाडाच्या तोंडात, म्हणजे मिटणाऱ्या पानात, बोट घालू नये. या शेवटच्या सूचनेचा पहिल्याच दिवशी सदतीस पाहुण्यांनी भंग केला, त्यात सरपंचांनी दोनदा.

मग श्रावण लागला. साईनाथच्या आई धोंडूबाई श्रावणात घरात मांसमच्छी येऊ देत नाहीत, आणि झाड तर आता घरचेच. सोमवारी त्याच्या एका तोंडात साबुदाण्याचा एक दाणा भरवण्यात आला. चार दिवसांत ते तोंड काळे पडले.

"आये, मरंल ना गो त्ये!" साईनाथ रडायचाच बाकी होता.

अखेर तोडगा निघाला. झाडाने घरात उपास धरावा आणि गोठ्यात जेवावे. (घरातले काही पुरुषही श्रावण असाच पाळतात, टोकावड्याच्या ढाब्यांना याची कल्पना आहे.)

माशा भरवायचे काम शेण काढणाऱ्या बुधीकडे आले. ती गावाबाहेरच्या वाडीवरची. तिचा श्रावण मोडण्याची कुणाला धास्ती नव्हती. या गडबडीत तिची ठरलेली दुपारची भाकर तेवढी रोज राहून जाऊ लागली.

"झाड जेवलं का गो?" धोंडूबाई दारातून विचारत.

"जेवलं. त्याचं बरं हाय, आय. भूक लागली का त्ये तोंड उघडतं. आमी उघडलं तं तुमी म्हन्ता, बुधी लय बोलते."

"लयच बोलतेस तू," धोंडूबाई म्हणाल्या आणि झाडाची तोंडे मोजून आत गेल्या.

महिनाभरात "झाड जेवलं का" हा प्रश्न दोनशे अकरा वेळा विचारला गेला. बुधी संध्याकाळी तशीच उपाशी वाडीवर परते.

वाचकहो, त्या काळ्या पडलेल्या तोंडाचे पुढे काय झाले, हे विचारायचे तुमच्याही मनात असेलच. ते गळून पडले. काळजी नसावी, बाकी झाड ठणठणीत आहे.